गाडी परत बोलावली जाते तेव्हा

गाडीची आग म्हटले की महामार्गावर धडाडून पेटलेली मोटार डोळ्यांसमोर येते. विजेच्या दोषामुळे लागणारी आग मात्र पुष्कळदा उभ्या गाडीला लागते. इंजिन बंद असते, चावी खुंटीला असते आणि घरातली माणसे गाढ झोपेत असतात.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईतल्या एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून रात्री चार्जिंगला लावली होती. रात्रीतच तिचा स्फोट झाला. जवळ झोपलेला 7 वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणातील निजामाबाद येथे घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात 80 वर्षांचे एक वृद्ध मरण पावले. त्याआधी मार्चमध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि एक वडील व त्यांची 13 वर्षांची मुलगी धुरात गुदमरून गेली. अल्लाह या सर्व कुटुंबांना धीर देवो.

यांपैकी कोणत्याही घराने काही वेडे साहस केले नव्हते. आपण मोबाइल लावतो तशी त्यांनी बॅटरी लावली होती. अशा प्रत्येक आगीचे कारण सारखे नसते. कधी घरातली वायरिंग जुनी असते, कधी चार्जर भलताच असतो. पण कधी कधी दोष कारखान्यातच शिरलेला असतो, आणि तो घरातल्या कोणाला दिसूच शकत नाही. तो कळतो फक्त बनवणाऱ्याला. कळल्यावर त्याने गाडीमालकाला निरोप पाठवून गाडी बोलावून घ्यायची आणि दोष स्वखर्चाने दूर करायचा, यालाच रिकॉल म्हणतात. हा निरोप हातात पडला की पुढची जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा विषय आहे.

रिकॉल म्हणजे बदनामी नव्हे

रिकॉल म्हणजे कंपनी गाडी काढून घेते असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. ठरावीक काळात बनलेल्या ठरावीक गाड्या सर्व्हिस सेंटरला आणायच्या, तिथे तपासणी होते, गरज असेल तर भाग बदलला जातो आणि गाडी परत मिळते. याचे पैसे मालकाने द्यायचे नसतात. वॉरंटी संपलेली असली तरी रिकॉलचे काम मोफतच असते. नेहमीच्या सर्व्हिसिंगशी त्याचा संबंध नाही.

काम कधी कधी अगदी किरकोळ असते. 2012 साली टोयोटा कंपनीने काचा खालीवर करणाऱ्या बटणासाठी जगभरातून सुमारे 74 लाख गाड्या बोलावल्या होत्या. बटणात ग्रीस नीट लागलेले नव्हते, त्यामुळे ते घासून तापण्याचा आणि धूर येण्याचा धोका होता. उपाय काय, तर तपासणी करून उष्णता सहन करणारे खास ग्रीस लावणे. बटण वितळून दरवाजाच्या आतल्या भागाने पेट घेण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरमधला थोडा वेळ केव्हाही बरा.

तरीही कंपन्यांना या शब्दाची भीती वाटते. 2010 साली मुंबईत शोरूममधून नुकतीच घरी निघालेली एक नवीकोरी टाटा नॅनो पेटली. आणखीही काही घटना घडल्या. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने 70,000 हून अधिक मालकांना एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेत जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली, पण हे रिकॉल नाही असेही आवर्जून सांगितले. ग्राहकालाही रिकॉल म्हटले की आपण फसलो असे वाटते. खरे तर जी कंपनी दोष सांगते आणि दुरुस्त करून देते, तिच्यापेक्षा जी गप्प राहते तिची भीती जास्त वाटली पाहिजे.

बॅटरीतला न दिसणारा दोष

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नसतो. तिच्यात अनेक छोटे सेल एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण अशी दोन टोके आणि त्यांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. हा पडदा फाटला किंवा दुमडला की दोन्ही बाजू आतल्या आत भिडतात, शॉर्टसर्किट होते आणि सेल तापू लागतो. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, तो पुढच्याला. सारे काही थोड्या वेळात होते. त्यातून निघणारा धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीच्या शेवरले बोल्ट या इलेक्ट्रिक मोटारीचे आहे. उभ्या गाड्यांना आगी लागू लागल्या तेव्हा नोव्हेंबर 2020 मध्ये कंपनीने पहिला रिकॉल काढला आणि गाडी 90 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज होणार नाही अशी व्यवस्था केली. पण दुरुस्त झालेल्या गाड्याही पेटल्या. मग शोध घेता असे आढळले की एकाच सेलमध्ये दोन दोष एकत्र आले की धोका निर्माण होतो : आतली एक धातूची पट्टी फाटलेली आणि पडदा दुमडलेला. ऑगस्ट 2021 मध्ये तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट गाड्या, म्हणजे सुमारे 1 लाख 42 हजार, रिकॉलमध्ये आल्या. मालकांना सांगण्यात आले की गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा आणि रात्रभर घरात चार्जिंगला ठेवू नका. सेल बनवणाऱ्या एलजी कंपनीने 190 कोटी डॉलरपर्यंतचा भार उचलण्याचे मान्य केले. कारखान्यात सुटलेली इतकी बारीक चूक किती महागात पडते आणि किती घरांची झोप उडवते, हे यातून दिसते.

आपल्याकडे 2022 चा उन्हाळा असाच गेला. 26 मार्चला पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या 40 स्कूटरपैकी 20 स्कूटरना आग लागली. केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी तज्ज्ञ समिती नेमल्याचे जाहीर केले आणि कंपन्यांनी सदोष गाड्या ताबडतोब परत बोलवाव्यात, असे सुनावले. त्याच महिन्यात ओकिनावाने 3,215, प्युअर ईव्हीने 2,000 आणि ओलाने 1,441 स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. पुढे सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर विकत घेणाऱ्याने या तारखा लक्षात ठेवाव्यात. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे आरसीवर लिहिलेले असते.

पेट्रोलची गाडीही सुटलेली नाही

आमची गाडी बॅटरीची नाही, मग आम्हाला काय, असे म्हणून चालणार नाही. पेट्रोल आणि डिझेलच्या गाडीतही वायरी, फ्यूज, बटणे आणि मोटरी असतात.

2009 साली दक्षिण आफ्रिकेत होंडा जॅझ गाडीला आग लागून 2 वर्षांची मुलगी दगावली. पावसाचे पाणी किंवा सांडलेले पेय दरवाजावरच्या काचेच्या बटणात शिरले, तर आत शॉर्टसर्किट होऊ शकते, असे आढळले होते. जानेवारी 2010 मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे 6 लाख 46 हजार गाड्या बोलावल्या. त्यात भारतातल्या 8,532 होंडा सिटी होत्या. कोकणात आणि मुंबईत चार महिने धो धो पाऊस पडतो. काच अर्धी उघडी राहून दरवाजाचे बटण भिजणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधले आहे. व्हॉक्सहॉल कंपनीची झाफिरा ही 7 आसनी गाडी, म्हणजे लेकुरवाळ्या कुटुंबाची गाडी. हीटर आणि पंख्याच्या यंत्रणेतून आग लागून या गाड्या जळू लागल्या. पंख्याच्या भागात एक फ्यूज असतो. यंत्रणा जास्त तापली की तो वितळून वीज तोडतो. फ्यूज सारखा जातो म्हणून काही ठिकाणी तो बायपास करून काम भागवले गेले होते. राखणदारालाच दूर केल्यावर आगीला मोकळे रान मिळाले. 2015 च्या अखेरीस 2 लाख 30 हजारांहून अधिक गाड्यांचा रिकॉल निघाला. दुरुस्त झालेल्याही काही गाड्या पेटल्यावर 2016 मध्ये पुन्हा निघाला. कंपनीने फार उशीर लावला, असे ताशेरे ब्रिटिश संसदेच्या परिवहन समितीने ओढले.

या दोन गाड्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. फ्यूज उडणे हा त्रास नसून इशारा आहे. त्या जागी तार गुंडाळून किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालून गाडी चालू करून देणारा मेकॅनिक आपल्यावर उपकार करत नसतो. आणि एकदा रिकॉलचे काम झाले म्हणजे कायमची सुटका झाली असेही नाही. त्याच गाडीसाठी दुसरे बोलावणे येऊ शकते.

कायदा काय सांगतो

भारतात अनेक वर्षे रिकॉल हा कंपन्यांच्या मर्जीचा मामला होता. 2012 पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची नियमावली आणली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 110 अ आले आणि त्याखालचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले.

या कलमानुसार गाडीतल्या दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे लोक किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर केंद्र सरकार रिकॉलचा हुकूम देऊ शकते. मग कंपनीने दुरुस्ती करून द्यायची, गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. हुकमाने रिकॉल करावा लागला तर गाडीचा प्रकार आणि संख्या पाहून 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होतो. कंपनीने दोष आपणहून कळवून गाड्या बोलावल्या तर दंडातून सूट आहे. हे नियम 7 वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहेत.

सरकारच्या हुकमाचा एक आधार म्हणजे ठरावीक प्रमाणात जमलेल्या गाडीमालकांच्या तक्रारी. म्हणून एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असे म्हणू नये. केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर अशा तक्रारी नोंदवण्याची सोय आहे. ग्राहक म्हणून दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते.

निरोप कुठे हरवतो

कंपनी निरोप पाठवते तो तिच्या वहीत असलेल्या पत्त्यावर आणि मोबाइल नंबरवर. तो खरेदीच्या दिवशी दिलेला असतो. नंतर घर बदलते, नंबर बदलतो. कितीतरी घरांमध्ये गाडी घेणारा आखातात असतो. गाडी त्याच्या नावावर, नंबरही त्याचाच, आणि चालवतो धाकटा भाऊ किंवा मुलगा. कंपनीचा मेसेज जाहिरातीच्या मेसेजांमध्ये बुडून जातो.

सर्वांत जास्त निरोप हरवतात ते जुन्या गाड्यांच्या बाबतीत. आपल्यातली बहुसंख्य कुटुंबे पहिली गाडी सेकंडहँड घेतात. एजंटकडून घेतलेली गाडी कधी कधी वर्षानुवर्षे पहिल्या मालकाच्याच नावावर राहते. अशा गाडीचा रिकॉल निघाला तर निरोप ज्याला मिळतो त्याच्याकडे गाडी नाही, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला निरोप नाही. म्हणून फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करून घेणे हे केवळ पोलिसांच्या भीतीने करायचे काम नाही.

आरसीवर 17 अक्षरांचा आणि आकड्यांचा चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिला की गाडीचे काही रिकॉल बाकी आहे का, हे कळते. गाडी कितव्या हाताची आहे याने फरक पडत नाही, कारण रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नसतो. सौदी अरेबियात असलेल्या बांधवांना तिथल्या वाणिज्य मंत्रालयाच्या रिकॉल केंद्रावर चेसिस नंबरने अशीच चौकशी करता येते.

ओल्या धान्याचा ढीग

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, पण बोटांना आतला ओलावा लागला. पावसाने भिजल्याचे व्यापाऱ्याने सांगितले. लोकांना दिसेल असे ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, अशी ताकीद दिली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहातली दुसरी हदीस सांगते की दोष असलेली वस्तू तो दोष उघड न करता आपल्या भावाला विकणे मुसलमानाला हलाल नाही.

आपण हे कंपन्यांना लगेच लावतो. बॅटरीतला दोष माहीत असून जो गप्प राहतो तो ओले धान्य झाकणाराच आहे. पण हाच नियम आपल्यालाही लागू आहे. स्कूटरला रिकॉलचा मेसेज आला, जायला वेळ नाही, म्हणून ती ओएलएक्सवर टाकून विकली आणि घेणाऱ्याला काही सांगितले नाही, तर तो व्यवहार कसा म्हणायचा? फ्यूज बायपास केलेला आहे, बॅटरी बाहेरून भरून आणलेली आहे, गाडी एकदा पाण्यात बुडालेली आहे, हे सांगितल्याने चार पैसे कमी येतील. पण ते हलाल असतील. घेणाऱ्याची मुलेही त्याच गाडीत बसणार आहेत. गाडीची खरेदी-विक्री करणाऱ्या आपल्या बांधवांनी चेसिस नंबर तपासून रिकॉल बाकी नसल्याची खात्री ग्राहकाला करून दिली, तर त्यांच्या दुकानाची साख वाढेल आणि कमाईत बरकत येईल.

झोपण्यापूर्वी दिवा

मदिनेत एका रात्री एक घर त्यातल्या माणसांसह जळाले. ती बातमी ऐकून प्रेषितांनी (स.) आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्यास सांगितले. दुसऱ्या एका हदीसमध्ये कारणही दिले आहे : उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेतो आणि घर पेटवतो. दोन्ही हदीसी सहीह बुखारीत आहेत. आज दिव्याच्या वातीची जागा चार्जरच्या वायरीने घेतली आहे आणि उंदीर तर पार्किंगमधल्या गाडीच्या वायरीही कुरतडतो. शिकवण तीच आहे. घर झोपलेले असताना आग मागे ठेवायची नाही.

म्हणून घरात पुढील गोष्टी पाळाव्यात.

• रात्रभर चार्जिंग नको. फज्रची नमाज झाल्यावर घर जागे असते, तेव्हा चार्जिंग लावावे. रमजानमध्ये तरावीहला निघताना बॅटरी लावून घराला कुलूप घालू नये.

• बॅटरी पलंगाशेजारी, गादीवर, जिन्यात किंवा बाहेर पडायच्या एकमेव दरवाजाजवळ ठेवू नये. वेळ आली तर वाट मोकळी हवी.

• गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी, मग लावावी. चार्जर कंपनीचाच असावा. एक्स्टेंशन बोर्ड आणि थ्री-पिन कापून केलेली जोडणी टाळावी. सॉकेटला अर्थिंग आहे का, हे जाणकार वायरमनकडून पाहून घ्यावे.

• बॅटरी फुगली, पाण्यात बुडाली, आपटली किंवा तिला विचित्र वास येऊ लागला, तर ती वापरणे थांबवून घराबाहेर, मोकळ्यावर ठेवावी आणि सर्व्हिस सेंटरला कळवावे.

• गाडीत जादा हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम बसवताना मूळ वायरी कापून जोड देऊ नयेत.

• गाडी उघड्यावर उभी करा, अशी सूचना रिकॉलच्या निरोपात असेल तर ती त्याच दिवसापासून पाळावी. सर्व्हिस सेंटरची तारीख पुढच्या महिन्यातली असली तरी धोका आजचाच असतो.

• बॅटरीतून धूर निघू लागला तर ती उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. सर्वांनी बाहेर पडावे, दरवाजा ओढून घ्यावा आणि 101 किंवा 112 ला फोन करावा. गाडी पुन्हा मिळते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, जे नशिबात असेल ते होईलच. मरणाची वेळ अल्लाहच्या हाती आहे, यात शंका नाही. पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांधायला सांगितले होते, हे तिर्मिजी शरीफमध्ये आले आहे. कंपनीचा निरोप वाचून गाडी सर्व्हिस सेंटरला नेणे, हे आजचे उंट बांधणे आहे.

येत्या जुम्याला नमाजेनंतर घरातल्या प्रत्येक गाडीची आरसी काढून चेसिस नंबर तपासून घ्यावा आणि कंपनीकडचा मोबाइल नंबर बदलून घ्यावा. घरातल्या मुलींना आणि मुलांना हे काम चटकन जमते, त्यांनाच सांगावे. शेजारची एखादी खाला एकटी राहत असेल आणि तिच्या दारात मुलाची स्कूटर उभी असेल, तर तिचाही नंबर सोबत तपासावा. मशिदीच्या फलकावर इतर सूचनांबरोबर एखाद्या मोठ्या रिकॉलची दोन ओळींची सूचना लावायला विश्वस्तांची हरकत नसावी. एक जीव वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवण्यासारखे आहे, असे दिव्य कुरआन सांगतो. ते पुण्य काही वेळा केवळ एक नंबर तपासून मिळू शकते. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांचे आगीपासून रक्षण करो, आमीन.